पक्क्या भिंतींच्या खोलीत स्पीकरची जागा कशी शोधावी

स्पीकरची जागा शोधण्याचं काम एप्रिल-मेमध्ये काढू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात खिडकीतला कूलर रात्रंदिवस सुरू असतो. त्याच्या घरघरीखाली तानपुऱ्याचा खर्ज, गाणाऱ्याचा श्वास, डग्ग्याचा विरत जाणारा घुमारा हे सगळं बुडून जातं, आणि जागा बरोबर की चूक हे नेमकं याच गोष्टींवरून कळतं. थंडीतली एखादी रात्र निवडा. पंखा बंद, साडेदहा वाजून गेलेले, रस्ता निवलेला. आवाज समोरासमोर बोलण्याइतकाच ठेवायचा. मोठ्या आवाजात सगळंच काही वेळ छान वाटतं आणि कान फसतात.

मी सहा वर्षं स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून चार बोटांवर ठेवले होते. प्रतापनगरचा फ्लॅट, हॉल लहान, तिथेच जागा होती. डग्ग्याचा एकच सूर फुगून यायचा आणि बाकीचे दबायचे. मी आधी वायर बदलली, मग अँप्लिफायर बदलला. फरक पडला नाही. मग एका वर्षी रंगकाम निघालं, सगळं सामान ओढून खोलीच्या मधोमध आलं आणि स्पीकर दोन स्टुलांवर भिंतीपासून तीनेक फूट पुढे आले. संध्याकाळी सहज गाणं लावलं आणि डग्गा पहिल्यांदा डग्ग्यासारखा वाजला. यंत्रं तीच होती, बदलली होती फक्त जागा. तेव्हापासून कुणी नवा अँप्लिफायर कोणता घ्यावा असं विचारलं, की मी आधी मेजरिंग टेप घेऊन त्यांच्या घरी जायला निघते.

आपल्या खोल्या वेगळ्या का

या विषयावरच्या बऱ्याच सल्ल्यांमागे अमेरिकेतली घरं असतात. तिथल्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या. खालच्या सुरांचा आवाज, म्हणजे बास, आला की अशी भिंत थोडी हलते आणि त्यातला काही भाग खाते. आपल्याकडे विटांची भिंत, वर सिमेंटचं प्लॅस्टर, डोक्यावर आरसीसी स्लॅब, पायाखाली व्हिट्रिफाइड टाइल्स किंवा कोटा फरशी. यातलं काहीच हलत नाही. भिंतीवर गेलेला बास जवळपास तसाच परत येतो, आणि वरचे सूर फरशीवरून व प्लॅस्टरवरून उसळतात. म्हणून आपल्या खोलीत चुकीची जागा जास्त बोचते, आणि स्पीकर सहा इंच हलवल्याचा फायदाही जास्त मिळतो.

एवढं एक गणित हाताशी ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४७ मीटर, म्हणजे जवळपास ११४० फूट जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या सुराच्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, तो सूर त्या खोलीत घुमतो. ५७० ला खोलीच्या फुटांनी भागा, तो आकडा हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं या हिशोबात, मिळतो. माझा हॉल १५ फूट लांब, ११ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. म्हणून लांबीचा घुमारा ३८ हर्ट्झला, रुंदीचा ५२ ला, उंचीचा ६० ला. त्यांच्या दुपटीही असतात: ७६, १०४, १२०. उन्हाळ्यात हवा तापली की आवाज थोडा जलद जातो आणि हे आकडे एखाद-दुसऱ्या हर्ट्झने वर सरकतात, त्याची काळजी नको.

गाण्याशी याचा संबंध असा. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो, तानपुऱ्याची पंचमाची तार १०४ ला आणि खर्जाची तार ६९ ला. माझ्या खोलीत १०४ म्हणजे रुंदीच्या घुमाऱ्याची बरोबर दुप्पट. पंचमाची तार इतरांपेक्षा जाड का वाटायची, याचं उत्तर मला त्या भागाकारात मिळालं. तुमच्या खोलीची मापं घेऊन हे तीन भागाकार आधी वहीत लिहून काढा. दोन मापं सारखी आली, जसं १० बाय १० ची बेडरूम, तर दोन्ही घुमारे एकाच सुरावर, ५७ हर्ट्झवर चढतात. अशा खोलीसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

तयारी

मेजरिंग टेप, मास्किंग टेप, वही, टॉर्च, हातात मावेल असा आरसा, आणि घरातलं एक माणूस जे तासभर कंटाळणार नाही. फोनवर टोन जनरेटरचं, म्हणजे हवा तो सूर वाजवणारं, कुठलंही फुकट ॲप. फरशीवर २ बाय २ च्या टाइल्स असतील तर तुमच्याकडे आयता आलेखाचा कागद आहे. त्यांची नेमकी बाजू ६० सेंटीमीटर असते आणि सांध्यांच्या रेषा बहुधा सरळ असतात. मी सगळी मापं याच रेषांवरून घेते.

स्पीकर हलवण्याआधी मागच्या वायरी तपासा. दोन्ही स्पीकरला लाल लालमध्ये आणि काळी काळ्यात गेली आहे ना? एका बाजूला उलट जोडणी झाली तर बास पातळ होतो आणि गळा कुठून येतो ते कळतच नाही, डोक्याभोवती तरंगत राहतो. कितीतरी घरांमध्ये इतकीच चूक सापडते.

ऐकण्यासाठी तीन गोष्टी पुरतात. एक, ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या काळातलं एखादं मोनो नाट्यगीत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं. मोनो असल्यामुळे गळा दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, एका जागी उभा राहायला हवा. दोन, एकल तबल्याचं स्वच्छ रेकॉर्डिंग. डग्ग्यावर मनगट सरकवलं की सूर खालून वर घसरत जातो आणि त्या एका घसरणीत तुमच्या खोलीतले सगळे फुगवटे आणि खड्डे ऐकू येतात. मला यापेक्षा चांगली चाचणी अजून सापडलेली नाही. तीन, दोन तानपुऱ्यांमध्ये बसलेल्या गायिकेचं स्टिरिओ रेकॉर्डिंग, रुंदी ओळखण्यासाठी. शक्य झालं तर आदल्या आठवड्यात एखाद्या घरगुती बैठकीत माइकशिवाय तबला ऐकून या. सभागृहात जे कानावर येतं ते बहुतेक वेळा तिथल्या स्पीकरमधून आलेलं असतं. खरं माप बैठकीतच कळतं.

आधी खुर्ची, मग स्पीकर

सगळे जण स्पीकरपासून सुरुवात करतात. मी खुर्चीपासून करायला सांगते, कारण घुमारा जिथे साचतो तिथे तुम्ही बसलात तर स्पीकर कुठेही ठेवून उपयोग होत नाही.

फोनवर ४० ते १५० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर स्पीकरवर लावा आणि खोलीत लांबीच्या दिशेने चाला. मागच्या भिंतीला पाठ टेकली की बास अंगावर येतो. खोलीच्या बरोबर मध्यावर खालचे सूर एकदम नाहीसे होतात, कारण लांबीच्या पहिल्या घुमाऱ्याचा दाब तिथे शून्य असतो. म्हणजे भिंतीला चिकटलेला सोफा वाईट आणि खोलीचा मध्यही वाईट. सुरुवात म्हणून मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा. १५ फुटांच्या खोलीत ते ५ फूट ८ इंच होतात. तिथून सहा-सहा इंच पुढे-मागे सरका आणि डग्ग्याची घसरण जिथे सगळ्यात सपाट ऐकू येते तिथे मास्किंग टेपची फुली मारा.

हॉलमध्ये एवढी मोकळी जागा कुणाच्याच घरी नसते, हे मला ठाऊक आहे. सोफा भिंतीलाच राहणार असेल तर ऐकण्यापुरती एक हलकी खुर्ची पुढे ओढा, तासाभराने परत ठेवा. खुर्चीची पाठ कानांच्या वर जाणारी नको.

रुंदीत मात्र बरोबर मध्यावर बसा, आणि दोन्ही स्पीकर त्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर हवेत. बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये बास दोन्ही बाजूंना सारखा असतो. असे दोन स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर असले की रुंदीचा पहिला घुमारा ते एकमेकांचा मारून टाकतात. माझ्या खोलीतला ५२ हर्ट्झचा फुगवटा निव्वळ या समतोलामुळे गेला.

स्पीकरच्या मागची भिंत किती लांब

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. यावर एक पूर्ण रात्र द्या.

बास फक्त समोर जात नाही, स्पीकरच्या मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि समोरच्या आवाजात मिसळतो. एका ठरावीक सुराला तो बरोबर उलटा होऊन येतो आणि तो सूर खाऊन टाकतो. तो कोणता, हे काढण्यासाठी २८५ ला वूफरपासून (स्पीकरमधला खालचे सूर वाजवणारा मोठा गोल) त्याच्या मागच्या भिंतीपर्यंतच्या फुटांनी भागा. एक फुटावर २८५ हर्ट्झ, दोन फुटांवर १४२, तीन फुटांवर ९५, चार फुटांवर ७१. दोन फुटांचं अंतर म्हणजे काळी एकच्या षड्जालाच खड्डा. पुष्कळ घरांमध्ये स्पीकर नेमके इथेच असतात आणि गायकाचा आवाज पोकळ वाटतो. बाजूच्या भिंतीला हे सूत्र तसंच लावू नका. तिथून येणारा आवाज तिरका येतो आणि खड्डा आणखी वरच्या सुरात पडतो.

सुरुवात खोलीच्या लांबीच्या पाचव्या भागापासून करा. माझ्याकडे तीन फूट. मग तबला सुरू ठेवून घरच्या माणसाला दोन्ही स्पीकर दोन-दोन इंच मागे घ्यायला सांगा आणि तुम्ही फुलीवर बसून डोळे मिटून ऐका. प्रत्येक जागेसमोर वहीत एकच शब्द लिहा: फुगला, पातळ, घट्ट. भिंतीकडे गेलात की बास वाढतो, कारण भिंत त्याला आधार देते. मोकळ्यात आणलंत की बास सुटसुटीत होतो, पण एका मर्यादेनंतर अंगच राहत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक पट्टा सापडतो, फार तर चार इंचांचा, जिथे डग्ग्याचा घुमारा गोलही असतो आणि त्याची सुरुवात स्पष्टही असते. तो सापडला की मग अर्ध्या-अर्ध्या इंचाने.

वूफरचं मागच्या भिंतीपासूनचं, बाजूच्या भिंतीपासूनचं आणि फरशीपासूनचं अंतर सारखं ठेवू नका. सारखं ठेवलं तर भिंतींचे आणि फरशीचे परिणाम जवळच्या सुरांवर एकत्र येऊन जोर धरतात. माझ्याकडे अंदाजे ३६, २३ आणि २९ इंच आहेत.

घरात तीन फूट पुढे आणणं शक्यच नसेल तर उलट टोक गाठा. स्पीकर भिंतीला जवळजवळ चिकटवा, म्हणजे तो खड्डा वरच्या सुरात ढकलला जातो आणि तिथे तो कमी सलतो. अशा वेळी बास वाढणार. स्पीकरच्या पाठीला भोक असेल तर त्यात फोमचा बोळा किंवा गुंडाळलेला मोजा बसवा, बास बराच आटोक्यात येतो. मधल्या एक-दोन फुटांत अडकण्यापेक्षा हे बरं.

दोघांमधलं अंतर आणि वळण

आता गायिकेचं रेकॉर्डिंग लावा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण ही सुरुवात. माझ्या खोलीत स्पीकरच्या रेषेपासून खुर्ची ६ फूट ४ इंचांवर, म्हणून दोन स्पीकरमध्ये सव्वासात फूट, आणि बाजूच्या भिंतींना दोन्हीकडे दोन फुटांच्या आत-बाहेर जागा उरते. इथून दोघांना एकेक इंच बाहेर सरकवत जा. तानपुरे पसरत जातील. एका क्षणी गायिका मधोमध घट्ट उभी राहण्याऐवजी विरळ होईल, जणू दोन अर्ध्या गायिका दोन बाजूंना गेल्या. त्या क्षणापासून दोन इंच आत या.

मग वळण. स्पीकर सरळ समोर बघत ठेवले तर आपल्या कडक भिंतींवरून वरचे सूर फार उसळतात, म्हणून आपल्याकडे ते थोडे जास्त आत वळवावे लागतात. दोघांची तोंडं तुमच्या डोक्यामागे एखाद्या फुटावर मिळतील इतकं वळवून सुरुवात करा. बसल्या जागेवरून स्पीकरची आतली बाजू अगदी किंचित दिसली पाहिजे. आवाज टोचतो असं वाटलं तर थोडं बाहेर वळवा, गळा पसरट वाटला तर आत.

दोन्हीकडचं वळण सारखं आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. खुर्चीच्या पाठीला मध्यावर एक खिळा किंवा टाचणी लावा आणि टेपने तिथपासून दोन्ही ट्वीटरपर्यंत (वरचे सूर वाजवणारा छोटा गोल) मोजा. अर्ध्या सेंटीमीटरच्या आत आणा. एका सेंटीमीटरचा फरक म्हणजे आवाज एका बाजूने सुमारे २९ मायक्रोसेकंद उशिरा येणं, आणि आपले कान दहा-वीस मायक्रोसेकंदांचा फरकसुद्धा पकडतात. मोनो नाट्यगीत लावून खात्री करा. गळा नाकासमोर हवा, एखाद्या खांद्याकडे कललेला नको.

उंची चटकन सांगते. बसल्यावर ट्वीटर कानांच्या रेषेत यायला हवा. स्टँड डगमगत असेल तर पायाखाली पातळ रबर. टीव्हीच्या कपाटात कोंबलेला स्पीकर मात्र बाहेर काढाच.

आरसा

तुम्ही खुर्चीत बसा, घरच्या माणसाने आरसा बाजूच्या भिंतीला टेकवून सरकवत न्यायचा. ज्या जागी तुम्हाला आरशात ट्वीटर दिसतो, तिथूनच पहिला पडसाद तुमच्याकडे येतो. त्या जागी पुस्तकांचं कपाट उत्तम, कमी-जास्त जाडीची पुस्तकं आवाज विखुरतात. नाहीतर जाड पडदा, भरपूर चुण्या घालून, भिंतीपासून काही इंच सोडून. नागपूरच्या गांधीबाग बाजारात पडद्याचं जाड कापड मिळतं. दाट विणीचं घ्या, चमकणारं नको. फरशीवर स्पीकर आणि खुर्चीच्या मध्ये एकच सतरंजी पुरत नाही. खाली पातळ गादी किंवा दोन घड्या हव्यात. पण यातलं काहीही बास कमी करत नाही. कापड वरचे सूर सांभाळतं, बास फक्त जागेनेच सुधारतो. आधी पडदे लावून मग जागा शोधायला गेलात तर उलट फसाल, कारण वरचे सूर दबले की फुगलेला बास आणखी पुढे येतो.

इंग्रजी एलच्या आकाराचा हॉल

नागपुरातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये हॉल आणि जेवणाची जागा जोडून असते. एका स्पीकरशेजारी भिंत, दुसऱ्याशेजारी मोकळं. भिंतीकडचा स्पीकर भरदार वाटतो, मोकळ्याकडचा बारीक, आणि गळा भिंतीकडे ओढला जातो. पहिला उपाय, पूर्ण मांडणी ९० अंशांत फिरवून बघा. दोन्ही बाजूंना सारखं काहीतरी येतं का? बऱ्याचदा येतं, पण टीव्ही आहे त्या भिंतीच्या मोहाने कुणी करून बघत नाही. फिरवता येत नसेल तर भिंतीकडचा स्पीकर बाजूच्या भिंतीपासून शक्य तितका लांब न्या, मागोमाग दुसरा स्पीकर आणि खुर्चीही तितकीच सरकवा. मध्यरेषा खोलीची नसली तरी चालेल, त्रिकोण सरळ हवा. भिंतीवर आरशाच्या जागी पुस्तकं येऊ द्या, दोघांना जरा जास्त आत वळवा, खुर्ची फूटभर पुढे घ्या. जवळ बसलं की खोलीपेक्षा स्पीकर जास्त ऐकू येतात. मग उरलेला फरक अँप्लिफायरच्या बॅलन्सने अगदी थोडा काढा.

हॉलमध्ये बंगई, म्हणजे झोपाळा, असेल तर ऐकताना पाट काढून ठेवा, किंवा ओढून बाजूला बांधा. दोन स्पीकरच्या समोर लटकणारी फळी आवाज अडवते, आणि कड्या खालच्या सुराला किणकिणतात.

चौकोनी १० बाय १० च्या खोलीतही जवळ बसणं हाच मार्ग. चार-साडेचार फुटांचा त्रिकोण करा, स्पीकर भिंतीपासून अडीच फूट, आणि आवाज कमी. खोली मोठी वाटणार नाही, पण गाणं खरं वाटेल.

सबवूफर असला तर

सबवूफर म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर. त्याच्यासाठी उलटी युक्ती करा. सबवूफर उचलून तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, तबला लावा आणि जिथे तो ठेवणं शक्य आहे त्या भिंतींलगत रांगत, कान फरशीपासून फूटभर उंचीवर ठेवून ऐका. जिथे बास सपाट ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवा. आवाजाचा रस्ता दोन्ही दिशांना सारखाच असतो, म्हणून हे जमतं. कोपरा टाळा. तिथून तो प्रत्येक घुमारा जागा करतो.

हे सगळं मापून पाहायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा मोजणीचा माइक वापरा. मी कानांनी ठरवून नंतर माइकने तपासते. वळण आणि रुंदी कानांनीच बरी ठरते. ८० हर्ट्झचा खड्डा मात्र माइक एका मिनिटात दाखवतो.

खडखड शोधणं

जागा ठरली की तोच चढता सूर पुन्हा लावा, या वेळी थोडा मोठा. लोखंडी आलमारीचं दार, शोकेसची काच, सज्ज्यावरची भांडी, खिडकीची जाळी, आणि बंद असलेल्या कूलरचा पत्रा. यातलं काहीतरी एका ठरावीक सुराला वाजतंच. सूर तिथे थांबवा, हात लावत जा, थांबलं की सापडलं. फेल्टचा तुकडा किंवा घडी केलेला कागद पुरतो. ही खडखड आपण वर्षानुवर्षं स्पीकरचा दोष समजतो. उन्हाळ्यात कूलर चालू असताना स्पीकर त्याच्या ओल्या झोतात येऊ देऊ नका, स्पीकरमधले कागदी शंकू ओल धरतात.

शेवटी स्टँडच्या चारही पायांभोवती खुणा करा. मास्किंग टेप पोछ्याने निघते, म्हणून टाइलवर नेलपॉलिशचे बारीक ठिपके. पोछा मारताना स्टँड रोज दोन बोटं सरकतो आणि महिन्याभरात तुमची सगळी मेहनत जाते. मागची भिंत, बाजूची भिंत, दोघांमधलं अंतर, खिळ्यापासून ट्वीटर: ही सगळी मापं कागदावर लिहून आलमारीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. दिवाळीच्या सफाईनंतर स्पीकर परत जागेवर न्यायला दहा मिनिटं लागतात, आणि थंडी नुकतीच सुरू होत असल्यामुळे त्याच रात्री डग्गा लावून ऐकताही येतं.